परदेशी मदतीने आलेली गाडी दीड वर्ष उभी का राहते? (नेपाळ-भूतानमधील रेल्वे, रस्ते आणि वीज)

मुक्कामपोस्ट

मागच्या फेब्रुवारीत कामानिमित्त दरभंग्याला होतो. दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून जयनगरहून रेल्वेने जनकपूरला जाऊन आलो. जयनगरला भारतीय स्थानकाला लागूनच नेपाळ रेल्वेचे वेगळे स्थानक आहे. ओळखपत्र दाखवायचे, पिशवी तपासून घ्यायची आणि पलीकडच्या फलाटावर जायचे. समोरच्या बाकावर बसलेल्या बाईंनी फडक्यात बांधलेली पितळी परात मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मुलीच्या सासरी निघाल्या होत्या. परात हिंदुस्तानातली आणि जावई नेपाळातला, असे त्यांनी मैथिली-हिंदीच्या मिश्रणात सांगितले. सीमा कुठे ओलांडली हे त्यांनाही कळले नाही आणि मलाही नाही.

ही गाडी आपल्या कोकण रेल्वेने नेपाळला पुरवलेली आहे, हे मला परत आल्यावर कळले. जुना नॅरोगेज मार्ग 1937 सालचा. तो 2014 मध्ये बंद झाला आणि त्याच जागी भारताच्या मदतीने ब्रॉडगेज मार्ग झाला. दोन डेमू (डिझेल-विद्युत) गाड्या सप्टेंबर 2020 मध्ये नेपाळात पोहोचल्या, पण प्रवासी वाहतूक सुरू व्हायला एप्रिल 2022 उजाडला. मधली दीड वर्षे गाड्या जागेवर उभ्या होत्या, कारण चालवायला माणसे नव्हती आणि त्यासाठी लागणारा रेल्वेचा कायदाही तयार नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. एक देश दुसऱ्याला रस्ता, रेल्वे, धरण किंवा वीजवाहिनी बांधून देतो, तेव्हा त्या मदतीचे मोल कशावरून ठरवावे? किती पैसे दिले यावरून, अनुदान की कर्ज यावरून, की आणखी कशावरून? ज्यांनी अशा कामांवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

तात्या टिळेकर

आपल्याकडे एसटीची गाडी पंधरा मिनिटे उभी राहिली तरी लोक कंडक्टरला धारेवर धरतात. दीड वर्ष म्हणजे फारच सोशिक प्रवासी म्हणायचे.

खडा_सवाल

मला मुळातच हा प्रकार पटत नाही. आपल्या मेळघाटात, नंदुरबारच्या पाड्यांवर अजून पावसाळ्यात रस्ता वाहून जातो आणि आपण शेजाऱ्याला रेल्वे बांधून देतो. बरे, दिल्यावर त्याचे उपकार कोणी मानते असेही नाही. चीनने विमानतळ बांधून दिला की तिकडे टाळ्या, आपण रेल्वे दिली की इकडे शंका. हा पैसा करदात्यांचा आहे, याची आठवण धागाकर्त्यांना करून द्यावीशी वाटते.

ऊर्मिला_बेलापूर

नेपाळातल्या पोखऱ्याच्या विमानतळाला टाळ्या पडल्या असे म्हणणे जरा धाडसाचे आहे. चीनच्या एक्झिम बँकेचे एकवीस कोटी डॉलरच्या आसपास कर्ज घेऊन तो बांधला, 1 जानेवारी 2023 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि नाव आंतरराष्ट्रीय असूनही नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मिळेनात. धावपट्टी आहे, विमान नाही, हप्ता मात्र आहे. म्हणजे धागाकर्त्यांच्या गाडीसारखाच हा प्रकार, फक्त यात व्याजाची भर.

कोकण रेल्वेबद्दल एक गोष्ट सांगते, कारण माझ्या वडिलांची नोकरी तिथेच गेली. ही रेल्वे परदेशी मदतीवर उभी राहिलेली नाही. केंद्र आणि चार राज्यांचे भांडवल आणि बाजारातून रोख्यांद्वारे उभारलेला पैसा, यावर 1990 मध्ये महामंडळ स्थापन होऊन 1998 मध्ये मार्ग पूर्ण झाला. रोख्यांची परतफेड डोक्यावर असल्यामुळे प्रत्येक बोगद्याचा उशीर पैशांत मोजला जाई आणि घरी जेवताना वडील पावसापेक्षा व्याजाबद्दल जास्त बोलत. अशा शिस्तीत वाढलेल्या संस्थेने दिलेल्या गाड्या दुसऱ्या देशात उभ्या राहिल्या, याचे मला वाईट वाटले. पुढे गाड्या सुरू झाल्या त्याही कोकण रेल्वेचेच चालक आणि तंत्रज्ञ सोबत असल्यामुळे. मदतीच्या करारात गाडीइतकीच ही माणसे महत्त्वाची होती.

पाणवठा

मी भूतानमधल्या ताला जलविद्युत प्रकल्पावर चार वर्षे होतो, म्हणून तिकडचे सांगतो. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जावे.

1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा त्या देशात मोटाररस्ताच नव्हता. ते सिक्कीममधून नथू ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर पारोला पोहोचले. त्यानंतर 1961 मध्ये सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि भारताच्या सीमेवरील फुंतशोलिंग ते राजधानी थिंपू हा रस्ता झाला. आधी हे अंतर कापायला अनेक दिवस लागत. या रस्त्यामुळेच पुढे जनित्रे, ट्रान्सफॉर्मर आणि सिमेंट डोंगरात चढू शकले. रस्ता आणि वीज यांचा वेगवेगळा विचार करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

पहिला मोठा प्रकल्प चुखा, 336 मेगावॅटचा. त्याचा 60 टक्के पैसा अनुदान आणि 40 टक्के कर्ज असा होता, आणि उरलेली वीज भारत घेणार हे आधीच ठरलेले होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू झाला आणि भूतानच्या सरकारला पहिल्यांदा स्वतःचे भरवशाचे उत्पन्न मिळाले. आमचा ताला 1020 मेगावॅटचा, 2007 मध्ये पूर्ण झाला, तोही साठ-चाळीसच. तेवीस किलोमीटरचा बोगदा खणताना काही ठिकाणी खडक इतका ठिसूळ लागला की आज आत घातलेला आधार उद्या वाकलेला दिसे.

पण मला खरे सांगायचे आहे ते बोगद्याबद्दल नाही. तालाला पेल्टन टर्बाइन आहेत, म्हणजे कडेला वाट्या असलेले चाक, ज्यावर पाण्याचा झोत आदळतो; या चाकाला रनर म्हणतात. पावसाळ्यात नदीबरोबर गारगोटीची बारीक वाळू येते आणि रनरच्या वाट्या झिजवते. एका मोसमानंतर उतरवलेल्या वाटीच्या कडेवरून मी बोट फिरवले होते, ते कापले. हिवाळ्यात नदी आटते, काही संच बंद ठेवावेच लागतात, तेव्हा हे रनर उतरवून वेल्डिंगने पुन्हा भरून घासायचे असतात. आधी हे काम करायला बाहेरून माणसे येत. नंतर भूतानी मुले हे काम शिकली आणि आज गेलेफूजवळ जिगमेलिंग येथे त्यांची स्वतःची रनर दुरुस्तीची कार्यशाळा आहे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की प्रकल्प हस्तांतरित झाल्यावर पाचव्या हिवाळ्यात रनर कोण भरतो, हे पाहावे.

तात्या टिळेकर

पाणवठा साहेब, कंटाळा कसला? बोट कापल्याचे वाचून मीच माऊसवरून हात काढला.

निरुपमा_न्यूजर्सी

पाणवठा यांचा प्रतिसाद अत्यंत वाचनीय. मात्र भूतानची कथा इतकी गोड नाही. अनुदानाचा वाटा पुढे घटत गेला. मांगदेछूला (720 मेगावॅट, 2019) तीस टक्के अनुदान आणि सत्तर टक्के कर्ज आहे. पुनात्सांगछू-1 हे तर डोळ्यांत अंजन घालणारे उदाहरण: 2008 मध्ये काम सुरू झाले, 2013 मध्ये धरणाच्या जागी उजवा डोंगर सरकला, आणि सुमारे 3,500 कोटींचा मूळ अंदाज 9,000 कोटींच्या पुढे गेला. कर्जाचा दर 10 टक्के. सल्लागार भारतीय, कंत्राटदार मुख्यतः भारतीय, वीज घेणाराही भारत. जागा चुकली असेल तर ती चूक सगळ्यांची आणि कर्ज मात्र एकट्या भूतानच्या वहीत. याला मदत म्हणायचे की उधारीवरचा व्यवहार, हे प्रामाणिकपणे ठरवले पाहिजे.

पाणवठा

निरुपमाताई, आकडे बरोबर आहेत आणि डोंगराबद्दलची तुमची नाराजीही रास्त आहे. माझे दोन जुने सहकारी तिथे होते आणि त्या डोंगराबद्दल बोलताना ते अजूनही आवाज खाली आणतात. फक्त दोन गोष्टी जोडतो. हे कर्ज रुपयांत आहे, वीज रुपयांतच विकली जाते आणि भूतानचे ङुलत्रुम चलन रुपयाशी एकास एक बांधलेले आहे; त्यामुळे डॉलर वधारला म्हणून हप्ता वाढत नाही. शिवाय विजेचा दर खर्चावरून ठरवला जातो. मांगदेछूचा दर युनिटला 4 रुपये 12 पैसे ठरला, तालाचा सुरुवातीचा दर 1 रुपया 80 पैसे होता. म्हणजे वाढलेला खर्च काही प्रमाणात आपल्याकडच्या ग्राहकाच्या बिलातूनही वसूल होतो. मात्र जो प्रकल्प पूर्णच होत नाही, त्याला कसला दर आणि कसली वसुली? तिथे तुमचा मुद्दा मान्य करावाच लागतो.

खडा_सवाल

म्हणजे कर्ज आपले, अनुदान आपले आणि महाग वीजही आपणच घ्यायची. उत्तम.

ऊर्मिला_बेलापूर

खडा_सवाल, पावसाळ्यात उत्तर भारतात पंखे आणि शीतयंत्रे चालू असतात तेव्हाच हिमालयातल्या नद्या दुथडी वाहत असतात. आपल्याला वीज हवी तेव्हा ती तिकडे भरपूर असते. हिवाळ्यात उलटे होते आणि भूतान आपल्याकडून वीज घेतो. ही देवाणघेवाण वाहिनी असल्याशिवाय होत नाही. तुम्हाला हे दान वाटत असेल, पण शेजाऱ्याच्या विहिरीवर आपणही पाणी भरतो आहोत.

गंडकीकाठ

मी काही वर्षे काठमांडूत राहिलो आहे, त्यामुळे नेपाळची बाजू मांडतो. तिथे परदेशी मदत हा चहाच्या टपरीवरचा विषय आहे, कारण पूर्व-पश्चिम महेंद्र राजमार्ग हा एकच रस्ता वेगवेगळ्या देशांनी तुकड्यातुकड्यांनी बांधला. एका तुकड्यावर भारताचे काम, दुसऱ्यावर सोव्हिएत संघाचे, आणखी एकावर ब्रिटनचे. काठमांडूहून तराईत उतरणारा त्रिभुवन राजपथ 1950 च्या दशकात भारताने बांधला आणि कोदारीला तिबेटच्या सीमेवर नेणारा रस्ता 1960 च्या दशकात चीनने. दोन्ही शेजाऱ्यांकडून एकेक रस्ता घ्यायचा आणि दोघांनाही खूश ठेवायचे, हे नेपाळने फार पूर्वीपासून जमवले आहे.

विजेचे मात्र तसे जमले नाही. 201 मेगावॅटचा अरुण-3 प्रकल्प जागतिक बँकेच्या पैशाने व्हायचा होता. खर्च अब्ज डॉलरच्या पुढे, म्हणजे त्या काळच्या नेपाळला न झेपणारा. नेपाळमधीलच काही अभियंते आणि कार्यकर्त्यांनी विरोध केला, तक्रार बँकेच्या नव्याने नेमलेल्या तपासणी मंडळाकडे गेली (त्या मंडळापुढचे ते पहिलेच प्रकरण होते) आणि ऑगस्ट 1995 मध्ये अध्यक्ष वुल्फेन्सन यांनी बँकेचे अंग काढून घेतले. विरोधकांचे म्हणणे होते, की त्याच पैशात लहान-मध्यम प्रकल्प देशातच उभे राहतील. काही झालेही. पण खिम्ती आणि भोटेकोशी या खासगी प्रकल्पांची वीज घेण्याचे करार डॉलरमध्ये झाले आणि त्याचा भार नेपाळ विद्युत प्राधिकरणाला वर्षानुवर्षे वाहावा लागला.

पुढे 2008 च्या ऑगस्टमध्ये कुसहा येथे कोसीचा बांध फुटला. महेंद्र राजमार्ग तुटला आणि भारताकडून येणारी वीजवाहिनीही कोसळली. त्या हिवाळ्यात भारनियमन दिवसाला सोळा तासांवर गेले. आमच्या गल्लीत लोक वेळापत्रक छापून फ्रिजवर चिकटवत असत आणि रात्री दोन वाजता वीज आली की घराघरांतून पाण्याच्या पंपांचा आवाज सुरू होई. मी स्वतः रात्री अडीच वाजता कुकर लावलेला आहे.

हे संपले ते 2016 मध्ये. कुलमान घिसिंग प्राधिकरणाचे प्रमुख म्हणून आले, काही उद्योगांना मिळणारा अखंड पुरवठा त्यांनी आवरला, आणि त्याच वर्षी नेपाळातील ढल्केबर ते बिहारमधील मुझफ्फरपूर या वाहिनीतून भारताची वीज यायला लागली होती. घिसिंग यांना लोकांनी डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. त्या वाहिनीचा मात्र कोणी सत्कार केला नाही.

अधोरेखित

गंडकीकाठ, "रात्री अडीच वाजता कुकर" हे वाक्य कोणत्याही अहवालापेक्षा भारी आहे.

एक शंका. अरुण-3 तेव्हा झाला असता तर ते सोळा तास टळले असते का?

गंडकीकाठ

हा वाद काठमांडूत अजून संपलेला नाही, त्यामुळे मी इथे निकाल देत नाही. माझे वैयक्तिक मत असे, की बँकेने माघार घेतली यापेक्षा माघारीनंतरची दहा-बारा वर्षे पारेषण वाहिन्यांकडे कोणी पुरेसे लक्ष दिले नाही, हे जास्त महागात पडले. धरणासमोर पाहुणे उभे राहून फोटो काढतात. मनोऱ्याखाली उभे राहायला कोणाला हौस असते? त्याच खोऱ्यात आता भारताची सतलज जलविद्युत कंपनी 900 मेगावॅटचा अरुण-3 बांधते आहे.

निरुपमा_न्यूजर्सी

वाहिन्यांचा विषय निघाला म्हणून अमेरिकेच्या एमसीसी (मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन) या संस्थेने नेपाळला देऊ केलेल्या अनुदानाबद्दल लिहिते. 50 कोटी डॉलर, तेही कर्ज नव्हे तर निव्वळ अनुदान, आणि मुख्य काम 400 केव्हीच्या वाहिन्या आणि रस्त्यांची देखभाल. सप्टेंबर 2017 मध्ये करार झाला आणि संसदेची मंजुरी मिळाली फेब्रुवारी 2022 मध्ये, तीही काठमांडूच्या रस्त्यावर अश्रुधूर आणि दगडफेक होऊन. लोकांना भीती होती, की यामागे अमेरिकेचे लष्करी डावपेच आहेत. करारात तसे काही नव्हते, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल गरीब घरात जास्त संशय असतो आणि तो अनुभवातून आलेला असतो. पुढे 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने जगभरची परदेशी मदत थांबवली तेव्हा या कामालाही थांबावे लागले. ज्यांनी पाच वर्षे भांडून मदत स्वीकारली, त्यांना देणाऱ्याने एका आदेशाने थांबवले. कर्ज फेडावे लागते, पण निदान असे एका रात्रीत आटत नाही, हेही या चर्चेत नोंदवावेसे वाटते.

लुसाका_ते_लातूर

काहीसे अवांतर, पण याच विषयातले. नव्वदच्या दशकात आम्ही झांबियात होतो. टाझारा रेल्वे, म्हणजे टांझानियातील दार-एस-सलामपासून झांबियातील कापिरी म्पोशीपर्यंत 1,860 किलोमीटर. पाश्चात्त्य देशांनी आणि जागतिक बँकेने परवडणार नाही म्हणून नकार दिला, तेव्हा माओंच्या चीनने बिनव्याजी कर्ज देऊन ती 1975 पर्यंत बांधून काढली. झांबियाचे तांबे गोऱ्यांच्या राजवटीतील ऱ्होडेशियाला टाळून समुद्रापर्यंत नेणे हा हेतू होता आणि तो त्या काळी पुरा झाला. पुढे राजकारण बदलले, दक्षिणेचे मार्ग खुले झाले, इंजिने थकली. आम्ही कापिरी म्पोशीला पाहुण्यांना घ्यायला गेलो होतो. त्या प्रशस्त दालनात आम्ही आणि एक झाडूवाला एवढेच होतो आणि गाडी कधी येईल हे दोघांनाही माहीत नव्हते. आता पन्नास वर्षांनी चिनी कंपनी तीच रेल्वे दुरुस्त करून ठरावीक मुदतीच्या करारावर चालवायला घेते आहे. बांधून दिलेली वस्तू चालवायला शेवटी बांधणाराच परत आला. पाणवठा यांच्या पाचव्या हिवाळ्याचा हा आफ्रिकी दाखला.

खडा_सवाल

लुसाकाकरांचे पटले. पण मग माझा प्रश्न तसाच राहतो. चालवायला आपलेच लोक लागणार असतील तर ही मदत कधी संपणारच नाही.

आणि आपण स्वतः काय कमी घेतो? अटल सेतूला आणि मुंबईच्या मेट्रो-3 ला जपानच्या जायका या मदतसंस्थेचे कर्ज आहे. घेणाऱ्यानेच देत सुटायचे, हे कोणते शहाणपण?

अधोरेखित

कोयनेलाही जागतिक बँकेचे कर्ज होते आणि 1954 मध्ये ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रासाठी टाटांनाही मिळाले होते. आज कोयनेचे संच आपली माणसे चालवतात आणि लेक टॅपिंगसारखे (जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी बोगदा जोडण्याचे) अवघड काम 1999 मध्ये आपल्या अभियंत्यांनी करून दाखवले. तेव्हा घेणारा कायम घेणाराच राहतो असे नाही. उलट कोयनेवर शिकलेल्या पिढीतले कोणी पुढे चुखा-तालावर गेलेच असतील.

पाणवठा

गेले होते. आमच्या वसाहतीत गणपती बसायचा आणि त्याची वर्गणी गोळा करणारे कोयनानगरचेच एक गृहस्थ होते. भूतानी सहकारी आरतीला येत, मोदक मात्र त्यांना फार गोड वाटे.

गंडकीकाठ

खडा_सवाल यांच्या 'संपणार कधी' या प्रश्नाला एक उत्तर आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये नेपाळने भारताच्या वीजबाजारात पहिल्यांदा आपली वीज विकली, 39 मेगावॅट. ती कोणत्या केंद्रांची होती? त्रिशूली आणि देवीघाट यांची, आणि ही दोन्ही जुनी केंद्रे भारताच्याच मदतीने बांधलेली. यामागे भावना नाही, नियम आहे: चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही. त्यामुळे नेपाळने स्वतःच्या लोकांच्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि दूरसंचार कंपनीच्या पैशातून उभा केलेला 456 मेगावॅटचा अप्पर तामाकोशीदेखील कंत्राटदारामुळे अडचणीत आला. पैसा नेपाळचा, नदी नेपाळची, आणि ग्राहक विचारतो की काँक्रीट कोणी ओतले? मला हे खटकते, भारतीय असूनही खटकते.

दुसरीकडे, नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या वाहिन्यांमधून बांगलादेशला पोहोचली. आकडा किरकोळ आहे. पण मुझफ्फरपूरची वाहिनी बांधली तेव्हा ती नेपाळला वीज देण्यासाठी होती, आणि आता त्याच तारांतून ती उलटीही वाहते.

ऊर्मिला_बेलापूर

गंडकीकाठ यांच्या पहिल्या परिच्छेदाशी सहमत. ग्राहक एकच असेल तर विक्रेत्याच्या हातात काही उरत नाही. आपल्याकडचा कांदा उत्पादक हे नेपाळच्या मंत्र्यापेक्षा चांगले समजावून सांगेल.

मुक्कामपोस्ट

सर्वांचे आभार. मी अनुदान की कर्ज एवढाच तराजू घेऊन आलो होतो. रनर, वाहिन्या आणि ग्राहक यांचा मी विचारच केला नव्हता. खडा_सवाल यांच्या आक्षेपांमुळे चर्चा जमिनीवर राहिली, त्यांचे विशेष आभार.

एक राहिले. परतीच्या प्रवासात कुर्था बाजूने चढलेल्या एका तरुणाशी बोलणे झाले होते. तो रेल्वेतच कामाला होता. गाडी चालवायला शिकतो आहेस का, असे विचारले तर म्हणाला, सध्या फक्त बाजूला बसतो.

लुसाका_ते_लातूर

बाजूला बसणेही वाईट नाही. माझा मुलगा असाच बाजूला बसून ट्रॅक्टर शिकला.

तात्या टिळेकर

पुढच्या महिन्यात सहकुटुंब जनकपूरला जायचा विचार आहे. जयनगरला ओळखपत्र म्हणून आधार चालते का, की मतदार कार्ड जवळ ठेवावे? आणि परात कुठे चांगली मिळेल, तेही कळवा, सौ. विचारते आहे.